पळताना बोलायचं नाही

बहिरू : बसा, बसा आधी गाडीवर! किटल्या उतरवून ठेवतो हितंच. कोणाला काय झालं, वहिनी?

आई : काही... काही नाय...

बहिरू : काही नाय कसं? भारतदाला काय झालं का? रातीच मला वाटलं होतं, येऊन जावं म्हणून.

हर्षाली : बहिरूकाका, कोणाला काहीही झालेलं नाही! बाबा ओट्यावर बसून अर्ध्या कप चहाची वाट बघतायत. आम्ही रनिंग करतोय.

बहिरू : काय करताय?

हर्षाली : रनिंग. पळतोय. वजन कमी करायला.

बहिरू : पोरी, तुझं ठीक हाय, तू शाळेत पळती. पण वहिनी? साडीवर?

आई : जरा... जिवात जीव येऊ दे... मग बोलते.

बहिरू : अहो, घात झाला म्हणलं मी! बाईमाणूस सकाळच्या पारी पाटाच्या रस्त्यानं असं पळत येतंय, वरून अंगात भारतदाचा शर्ट, पायात भारतदाचे बूट. माझं हँडलच लटपटलं. पाटात गेलो असतो दुधासकट.

हर्षाली : शर्ट शेतात घालते तोच आहे. बुटांना पुढे चिंध्या भरल्यात, फिट बसतात एकदम.

बहिरू : अन् वजन उतरवून काय करायचं? या वयात?

आई : हर्षू, सांगू नकोस गावभर.

हर्षाली : गावभर कुठे, काका आपलेच आहेत. बाबांना आईची किडनी बसवायची आहे. रक्तगट जुळला. पण मुंबईचे डॉक्टर म्हणाले, बाईंचं वजन फार आहे, साखर काठावर आहे, अशा बाईची किडनी आम्ही काढणार नाही. आधी वजन उतरवा, मग या.

बहिरू : म्हणजे वजन नाय उतरलं तर...

आई : तर सुईवरच ठेवायचं त्यांना. रक्त काढायचं, धुवायचं, परत घालायचं. हाताला आता जागा राहिली नाय, बहिरूभाऊ.

बहिरू : ...असं व्हय.

हर्षाली : म्हणून पळतोय.

बहिरू : मग पळा. पळा, वहिनी. मी उगं आडवा आलो.

आई : गेला एकदाचा. हर्षू, मला नाय जमायचं हे. आज हा थांबला, काल ती सुमनबाई खुरपं टाकून आपल्यामागं रडत रडत आली. कोण गेलं हेसुद्धा न विचारता रडत होती बिचारी.

हर्षाली : मला तर हसू आवरेना.

आई : हसू काय येतंय? पळणारी बाई दिसली की माणसं थांबणारच. कशाला पळंल बाई उगाच?

हर्षाली : सवय होईल त्यांना. तू फक्त माझं ऐक. एक, नाकाने श्वास. दोन, पळताना बोलायचं नाही, बोललं की दम जातो. कोणी काही विचारलं तर नुसता हात वर करायचा, असा. ते पण हात करतील आणि जातील पुढे.

आई : आज तर आंब्यापर्यंत पण नाय पोचले.

हर्षाली : मागच्या वर्षी मला वर्गात भोपळा म्हणायचे, माहितीये ना? खेळाच्या बाईंनी पहिल्या दिवशी पळवलं तर मी मैदानातच ओकले. आणि आता? अख्ख्या शाळेतल्या मुली माझ्या पाठी असतात. भोपळ्याची मुलगी... नाही, भोपळ्याची आई आहेस तू, तुला का नाही जमणार?

आई : तोंड बघ केवढं झालंय.

हर्षाली : तेवढंच जाड राहिलंय आता. ऊठ!

* * *

हर्षाली : आंबा गेला! आई, आंबा मागे गेला आणि तू थांबली नाहीस!

आई : हं.

हर्षाली : बोलू नकोस. खांदे सोड. आता थेट पाटाचं गेट. समोर बघ, बहिरूकाका आले.

बहिरू : रामराम वहिनी! आज लय जोरात!

हर्षाली : हात कर, आई, हात. झालं. गेले पण. बघितलंस? ब्रेकसुद्धा लावला नाही. सुमनबाई तर आता खुरपताना मानही वर करत नाही. म्हटलं होतं ना, सवय होईल? आलं गेट. थांब, एकदम बसू नकोस, चालत राहा.

आई : तू... खेळाची बाई झालीस... की कसाई?

हर्षाली : कशी वाटतेस माहितीये? शर्ट ढगळ व्हायला लागलाय.

आई : काल फूलबाजारात तोलकाट्यावर उभी राहिले. झेंडूच्या जाळ्या उतरवल्या अन् चढले वर. हमाल म्हणतो, वहिनी, तुमचा काय भाव लावू?

हर्षाली : मग?

आई : म्हटलं, विकायची नाय. एकाला फुकटच द्यायचीय.

हर्षाली : अगं, वजन किती भरलं ते सांग!

आई : थोडं राहिलंय. एवढंसं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्यापेक्षा.

हर्षाली : आई! मग जाऊया ना मुंबईला! या आठवड्यातच जाऊया!

आई : अन् एवढ्याशासाठी माघारी पाठवलं म्हणजे? त्यांना घेऊन जायचं, यायचं, सोपं हाय का? तेवढं उतरू दे. दसऱ्याचा झेंडू निघू दे. दसरा झाला की लगेच.

हर्षाली : बाबा काय म्हणाले ऐकलंस का काल? म्हणे, हिची किडनी माझ्यात आली की मीपण भांडी आपटायला लागेन.

आई : अन् मला म्हणाले, एवढी उतरू नकोस, आतली किडनी बारीक व्हायची.

हर्षाली : बाबा ना!

आई : रात्री बसूनच झोपले गं.

हर्षाली : माहितीये. मला खोकला ऐकू येत होता.

आई : आडवं झालं की पाण्यात बुडल्यासारखं वाटतं म्हणतात. पाय बघितलेस ना? बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. पाणी मोजून देते मी, तरी कुठून येतं एवढं पाणी?

हर्षाली : परवा डायलिसिस आहेच. निघेल सगळं.

आई : परवा. हं.

हर्षाली : आणि दसऱ्यानंतर मुंबई. मग बाबा लोटाभर पाणी पिणार, घटाघटा, माझ्यासमोर. मी टाळ्या वाजवणार.

आई : चल. परत पळत जाऊ.

हर्षाली : परत? तू स्वतःहून म्हणतेयस?

आई : एवढंसंच राहिलंय ना. चल.

* * *

(थंडीचे दिवस. तोच पाटाचा रस्ता. आई आंब्याखाली बसून बुटांकडे बघते आहे.)

हर्षाली : नाडी बांधून देऊ?

आई : लोक काय म्हणतील, हर्षू? दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवरा गेला, अन् दिवाळी होत नाय तर बाई पळायला निघाली.

हर्षाली : म्हणू देत.

आई : आता कोणाला द्यायची किडनी?

हर्षाली : कोणाला नाही. तुझ्याकडेच ठेव दोन्ही. साखर काठावर आहे तुझी, विसरलीस? परत सुई, परत ते मशीन... मला नाही बघायचं ते. तू एकटीच राहिलीस मला.

आई : पाय उचलत नाय माझा या रस्त्याला.

हर्षाली : माझाही नाही उचलत. म्हणून तर दोघी आलोय.

आई : कोण थांबलं तिथं?

हर्षाली : बहिरूकाका आहेत.

बहिरू : वहिनी.

आई : बऱ्याच दिवसांनी, बहिरूभाऊ. दूध तुमची बायकोच आणून घालते आता.

बहिरू : मी कोणत्या तोंडानं येऊ?

आई : तुम्ही काय केलं?

बहिरू : तेच तर. काहीच नाय केलं. त्या दिवशी तुम्ही समोरून येत होत्या. एकट्या. पोरगी संगं नाय, तिथंच मला कळायला पाहिजे होतं. तुम्ही हात केला. मी बी केला. वरून म्हणलं, वहिनीला आता कोण धरतंय!

आई : ऐकलं मी.

बहिरू : पुढं गेल्यावर आरशात पाह्यलं. तुम्ही वळून उभ्या, अजून हातच करत होत्या.

आई : दोन्ही हात करत होते.

बहिरू : दिसलं मला. मला वाटलं, खुशीत हायेत. घरी जाऊन बायकोला हसत हसत सांगितलं.

आई : आवाज फुटला नाय, बहिरूभाऊ. ओरडायला गेले तर तोंडातून नुसती हवा. एवढ्या जोरात आले होते ना घरापासून.

बहिरू : मी ऐकलं ते खरं का? गाडी बघायला पोरगी का नाय पळाली? ती तर वाऱ्यासारखी...

आई : तिला कशाला...

हर्षाली : सांगते मी. बाबांनी माझं मनगट धरलं होतं, काका. त्यांना श्वास घेता येत नव्हता, फोन कोणालाच लागत नव्हता. मी पाठीला उशा लावून बसवलं, तेव्हा धरलं. सोडवायला गेले तर अजून घट्ट धरलं. आईने बघितलं.

आई : मीच म्हटलं तिला. तू बस त्यांच्याजवळ. मला पळता येतं आता.

बहिरू : अरे देवा.

आई : तुम्ही गेल्यावर सुमनबाईच्या बांधावरून गेले. ती म्हणाली, आज एकटीच का गं? अन् खाली बघून तोडायला लागली झेंडू. जीपवाल्या समाधानच्या दारात पोचले तर त्याची जीप दसऱ्याचा माल घेऊन बाजारात गेलेली. सगळ्यांच्याच गाड्या बाजारात. मग तशीच फाट्यावर. दुकानं उघडत होती, ओळखीची माणसं होती. सगळ्यांनी हात केले.

बहिरू : मग टेम्पो कोणी थांबवला?

आई : सटाण्याकडचा होता कोणी. कांदा घेऊन चालला होता. लांबूनच ब्रेक मारला त्यानं, उडी टाकून खाली उतरला. म्हणाला, काय झालं, मावशी? कोणाला काय झालं?

बहिरू : तो कसा थांबला?

आई : त्याला कुठं माहीत होतं मी रोज पळते म्हणून.

हर्षाली : कांद्याच्या गोण्यांना टेकवून नेलं बाबांना. पुलापर्यंत माझा हात धरलेला होता त्यांनी. पुलावर सुटला.

बहिरू : डॉक्टर काय म्हणाले?

आई : म्हणाले, जरा आधी...

हर्षाली : ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, काका.

बहिरू : तू नको मला समजावू, पोरी. तू नको.

आई : एक सांगू, बहिरूभाऊ? घरापासून फाट्यापर्यंत मी कुठंच थांबले नाय. धाप लागली, चालले, असं एकदाही नाय. आंबा कधी गेला, गेट कधी गेलं, मला कळलंसुद्धा नाय. एवढं चांगलं मी कधीच पळाले नव्हते.

बहिरू : वहिनी, मी आता रोज थांबणार. कोणी बी पळताना दिसू दे, बाई असो, पोर असो, रोजचं असो. गाडी बंद करून विचारणार.

आई : दूध नासंल तुमचं.

बहिरू : नासू दे. काय झालं, वहिनी?

आई : काही नाय.

बहिरू : नक्की?

आई : काही नाय झालं. पोरीसंगं पळायला आलेय. जा तुम्ही, गिऱ्हाइकं खोळंबली असतील.

बहिरू : जातो. उद्या विचारीन परत.

आई : विचारा.

हर्षाली : गेले. किती सावकाश गेले ना?

आई : वळून बघत होता सारखा. बांध बाई नाडी. चिंध्या पुढं सरकल्यात बघ.

हर्षाली : घट्ट झाली?

आई : झाली. कुठपर्यंत जायचं?

हर्षाली : समोरच्या त्या बाभळीपर्यंत. तेवढंच. जमेल तेवढं.

आई : बरं. नाकानं श्वास. तोंड बंद. कोणी दिसलं तर हात वर.

हर्षाली : नाही. हात नाही करायचा.

आई : मग?

हर्षाली : आता पळताना बोलायचं.

आई : दम जातो म्हणाली होतीस ना?

हर्षाली : जाऊ दे. हळू पळू आपण.

आई : पण काय बोलू मी?

हर्षाली : काहीही बोल. शेवंतीचा भाव सांग. मला तुझा आवाज येत राहिला पाहिजे.