पेडलच्या पाया पडलो त्याची गोष्ट

माझ्या गिटारच्या पेडलचा जीव घेतला तो नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी. मांजरसुंब्याला ढाब्याचं उद्घाटन होतं. नाना प्रमुख पाहुणे आणि मी ऑर्केस्ट्रात गिटारला. आज बरं वाजलं तर कायमचं घेतो, असं ऑर्केस्ट्राचा मालक म्हणला होता. मी पायानं पेडलची डबी दाबली आणि गिटारचा सूर पाण्यावानी थरथरायला लागला. पोरं नाचायला उठली, तेवढ्यात नाना चपला घालून स्टेजवर चढले.

"कावून बे, वाद्याला पाय लावतोस?"

"नाना, ते पायानंच दाबायचं असतंय."

"हातानं दाब."

"हात गिटारवर हायेत."

"कॉलेज सोडून हेच शिकलास? आधी त्याच्या पाया पड."

मी वाकलो, तोवर त्यांनी उद्घाटनाचा नारळ फोडला आणि सगळं पाणी पेडलवर ओतलं. आत चर्र झालं आणि गिटार मुकी झाली.

"बघ, देवता शांत झाली," नाना म्हणले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाद्याचा मान राखला म्हणून ढाबेवाल्यानं नानांना शाल घातली. माझं पेडल गेलं आणि ऑर्केस्ट्रातली जागाही गेली.