खालचं पेडल मागे ओढलं तर

नाही सर, माझ्या पुस्तकातल्या सतराव्या प्रश्नावर आपण नंतर येऊ. आधी हे तुमचे पाच बघू, ज्यांच्यासाठी मी तुम्हाला बोलावलंय. बसा. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकवून बसा. उद्या तुमचा पाहणीचा तास, मागच्या बाकावर मी, आणि तुम्हाला या शाळेत कायम करायचं की नाही ते मी लिहून देणार — हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, तेव्हा आढेवेढे नकोत. हं. पहिला प्रश्न — ‘बलाचं एकक कोणतं?’ सर, हा काय प्रश्न झाला? साठ मुलं, प्रत्येकाच्या हातात चार कार्डं, लाल म्हणजे अ, निळं ब, पिवळं क, हिरवं ड — आणि तुम्ही त्यांना एकक विचारता. सगळ्या वर्गाने मिळून एकच कार्ड वर केलं, तर तुम्हाला काय कळलं? काही नाही. पाठ केलंय एवढं कळलं. दुसरा बघा — लोखंडाचा गोळा आणि लाकडाचा गोळा गच्चीवरून एकदम सोडले तर काय होईल. हा बरा आहे, जुनाच आहे पण बरा आहे. पण चौथा पर्याय काय दिलाय? ‘दोन्ही वर जातील.’ हे उत्तर कोण देणार सर? तुमच्या घरी आहे कुणी असं? नाही ना? मग चौथी जागा रिकामी दिसू नये म्हणून रस्त्यावरचा कुणीही धरून आणून बसवलात. हसू नका, मी विनोद केलेला नाही.

तुम्हाला वाटतं बरोबर उत्तर लिहिणं अवघड. बरोबर उत्तर काय, पुस्तकात असतं. अवघड असतं ते चुकीचं. चुकीचं उत्तर असं हवं की मुलाने ते बघितलं की त्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर माझ्याच मनातलं. मग ते छाती पुढे काढून कार्ड वर करतं. मग तुम्ही काही बोलायचं नाही, तोंड मिटून टक्के मोजायचे, आणि म्हणायचं, शेजाऱ्याला पटवा. पाच मिनिटं वर्गाचा बाजार होऊ द्यायचा. मग पुन्हा मत घ्यायचं. पहिल्या वेळी कितीजण चुकले आणि दुसऱ्या वेळी कितीजण वळले — या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे तुमचा प्रश्न. बाकी सगळा भरणा. मुलं मला मतपेटी म्हणतात, माहीत आहे मला, दारामागे म्हणतात. म्हणू देत.

आणि हे चुकीचं उत्तर घरी बसून डोक्यातून काढता येत नाही. का येत नाही? कारण तुम्ही शिकलात. शिकलेल्या माणसाला नीट चुकता येत नाही सर, तो काहीतरी वेडगळ चुकतो, हे तुमचं ‘वर जातील’सारखं. चुकीसाठी माणूस लागतो. माझ्याकडे होता — माझा धाकटा भाऊ. शाळेच्या मागच्या फाटकासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे ना, तेच, त्याचंच. नववीत विज्ञानात दोनदा नापास झाला आणि पाना हातात घेतला तो घेतलाच. शाळा सुटली की मी तिथे जायची, त्याच्या पत्र्याच्या पेटीवर बसायची, आणि तो चाकाचा आऊट काढत, वाकडं चाक सरळ करत असताना मी एकेक प्रश्न वाचायची. ट्रक सायकलला धडकला, कुणी कुणाला जास्त जोराने ढकललं? तो मान वर न करता म्हणायचा, ताई, हे काय विचारणं झालं, ट्रकने. लिहून घेतलं — ब. दुसऱ्या दिवशी वर्गात चौसष्ट टक्के ब. वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोचला की त्याच्यावर बल किती? म्हणाला, तिथे काही नसतं, तिथे तो दमलेला असतो. दमलेला असतो! असं वाक्य तुम्हाला किंवा मला जन्मात सुचणार नाही. मी ते जसंच्या तसं छापलं. एकोणसाठ टक्के.

सांगितलं का त्याला? कशाला सांगू? गिऱ्हाइकांना सांगत सुटायचा तो, आमची ताई मला विचारल्याशिवाय प्रश्न काढत नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघता बघता सांगायचा. त्याला वाटायचं त्याची उत्तरं बरोबर येतात म्हणून मी येते. मी म्हटलं वाटू दे. सावध झाला असता ना, आणि सावध माणूस चुकायचा थांबतो. दीडशे प्रश्नांचं माझं पुस्तक आहे, चाळीस शाळांत चालतं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात एक पर्याय त्याचा आहे. प्रस्तावनेत मी सगळ्यांचे आभार मानलेत, शिपायाचेसुद्धा. त्याचे कसे मानणार? काय लिहिणार, चुकल्याबद्दल आभारी आहे? — तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. मूल चुकू नये म्हणून कुणीतरी आधी चुकावं लागतं. तुमचा तिसरा प्रश्न काढा.

काय? पुन्हा सतरावा. बरं. तुमचा जीव सतराव्यातच अडकलाय तर काढा पुस्तक, वाचा. मीच सांगते, मला पाठ आहे. सायकल उभी आहे, पडू नये म्हणून कुणीतरी सीट नुसती धरलीय. एक पेडल अगदी खाली आहे. त्या खालच्या पेडलला दोरी बांधून सरळ मागे ओढली, तर सायकल कुठे जाईल? अ, हलणार नाही. ब, मागे. क, पुढे. ड, मागचं चाक नुसतं जागच्या जागी फिरेल. उत्तर क. का? खालचं पेडल मागे गेलं की चेन पुढे ओढली जाते, चाक पुढे फिरतं, सायकल पुढे. बघा किती सुबक आहे. हे मी धाकट्याला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघायलाच लागला. म्हणाला, मागे ओढली तर मागेच येणार, आणखी कुठे जाणार. मी पेटीवरून उठले, इतका आनंद झाला. बिनशिकलेला माणूस जसा विचार करील तसा तंतोतंत. ब म्हणून लिहिलं. पहिल्या मताला एकाहत्तर टक्के ब, दुसऱ्या मताला अठ्ठ्याऐंशी टक्के क. असा प्रश्न शिक्षकाच्या आयुष्यात एकदा येतो सर. त्याचा तक्ता अजून प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये लावलेला आहे.

हा प्रश्न पहिल्यांदा घेतला त्या प्रशिक्षणाला मी त्याला बोलावलं होतं. बाहेरच्या शाळांचे तीस-बत्तीस शिक्षक बघायला आलेले, पुढे माझी मुलं, आणि हा सगळ्यात मागे, इस्त्रीचा शर्ट घालून, नखांतलं काळं ब्रशने घासून. हौस त्याला, ताईचा तास बघायचाय. दारात त्यालाही चार कार्डं मिळाली. पहिल्या मताला त्याने निळं वर केलं, सगळ्या वर्गाबरोबर — खूश होता. मग चर्चा झाली, मुलांनी एकमेकांना पटवलं, दुसऱ्या मताला सगळीकडे पिवळं, कुठे कुठे लाल-हिरवं, आणि मागे हा, एकटा, निळं धरून. सगळ्यांनी माना वळवल्या. मी काय करायला हवं होतं? सोडून द्यायला हवं होतं, नाही का? मी म्हटलं, मागचे गृहस्थ उभे राहतील का. गृहस्थच म्हटलं. भाऊ म्हटलं असतं तर तीस शिक्षकांना कळलं असतं. तो उभा राहिला, म्हणाला, मी ओढून बघितलंय, मागे येते. मी म्हटलं, बघितलंय म्हणजे समजलंय असं होत नाही. हॉल हसला. तो म्हणाला, समोरच दुकान आहे, दोन मिनिटांत सायकल आणतो. आणि मी म्हटलं — हे वाक्य पुढे लोकांनी वहीत उतरवून घेतलं — इथे सायकल आणत नाहीत, इथे विचार आणतात. मग म्हटलं, कार्ड बदला. तो तसाच उभा. मी पुन्हा म्हटलं, कार्ड बदला, आम्ही थांबलोय. बदललं त्याने. पिवळं वर केलं आणि ते वर धरूनच खाली बसला. टाळ्या पडल्या. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांत तोही मोजलाय मी.

हो, ऐकतेय. तुमच्या वर्गातल्या एका मुलीने शाळेच्या सायकल स्टँडवर जाऊन करून बघितलं, सायकल मागे आली, ती तुमच्याकडे आली, मग तुम्ही स्वतः गेलात. किती वेळा ओढलीत? तीन? तीनदा काय ओढता, दोरी तिरपी लागली असेल, सीट धरणाऱ्याने रेटली असेल, ते सगळं बघावं लागतं — मी नऊ वेळा ओढली होती.

बरं. निघालं तोंडातून. त्याच दिवशी, तास संपल्यावर, स्टँडवर कुणी नव्हतं तेव्हा. प्रयोगशाळेतली सुतळी घेऊन गेले. नऊच्या नऊ वेळा मागे. आणि मग कारणही कळलं, उभ्या उभ्या कळलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खालचं पेडल सायकलच्या मानाने मागे जातं, पण सायकल पुढे जाताना रस्त्याच्या मानाने ते तिच्याबरोबर पुढेच सरकत असतं, म्हणून त्याला मागे ओढलं की सगळी सायकलच मागे येते. तो रोज हाताने करत होता ते. त्याला कारण सांगता आलं नसतं, मला सांगता आलं असतं, आणि मी सांगितलं नाही. मागचं फाटक ओलांडलं की दुकान. मी पुढच्या फाटकाने घरी गेले. लाज वाटली मला. झालं समाधान? एकोणीस वर्षं झाली. दरवर्षी तो प्रश्न घेते, दरवर्षी मुलं आधी बरोबर सांगतात आणि मग मी त्यांना एकमेकांकडून चुकीचं पटवून घेते, आणि पटतं हो, सुंदर पटतं. त्यानंतर मी दुकानात गेले नाही असं नाही. गेले, पेटीवर बसले, प्रश्न वाचले. तो म्हणायचा, तू म्हणशील ते. कुठलाही प्रश्न — तू म्हणशील ते. त्याच्या मुलीचं लग्न ठरवायचं होतं तेव्हा मी विचारलं, तुला मुलगा पसंत आहे का, तरी तेच. जवळजवळ प्रत्येक प्रश्नात त्याचा पर्याय आहे म्हटलं ना मघाशी, ते खोटं; एकविसाव्या प्रश्नानंतर पुस्तकातली चुकीची उत्तरं माझी आहेत. म्हणून तिथून पुढे प्रश्न फिके आहेत, तुमच्या लक्षात आलं नसेल, माझ्या येतं.

तेव्हा तुमचा हा कागद, दुरुस्ती सुचवणारा — तुमचं म्हणणं, मी सही करून नवी आवृत्ती काढावी, चाळीस शाळांना कळवावं. आणि भावाला काय कळवू? — काय? तुम्ही दुकानात जाऊन आलात? कधी? आज, मधल्या सुट्टीत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला जायला? तुम्हाला माहीत होतं तो माझा कोण आहे? नाही. नुसतं सायकलवाला म्हणून विचारलंत. म्हणजे जाणता माणूस साक्षीला हवा होता. मग काय म्हणाला?

पुन्हा सांगा.

पुढे जाते म्हणाला. तुम्ही प्रश्न नीट विचारला होता? खालचं पेडल म्हणालात? मागे ओढलं म्हणालात? शेजारी सायकल उभी होती, आणि त्याने हात लावून बघितलं नाही. ‘पुढे जाते, शाळेत तसंच शिकवतात.’ असं म्हणाला. म्हणताना हसला का? थोडा तरी? — नाही.

आणा तो कागद. नाही, माझ्याकडे द्या. ऐकलंत ना सर? एवढी वर्षं सायकली उघडतोय तो माणूस, आणि तो सांगतोय पुढे जाते. मग तुम्ही कोण, मी कोण. उत्तर क. पिवळं. उद्याच्या तासाला तुमचे हे पाच प्रश्न नकोत, सतरावा घ्या. मी मागे बसून मोजेन, दुसऱ्या मताला अठ्ठ्याऐंशीच्या खाली आले तर काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. त्या मुलीचं नाव नको मला, तिला फक्त पहिल्या बाकावर बसवा आणि सायकल आणू देऊ नका. काय बघताय? कार्डं मोजून घ्या, साठ संच आहेत, आणि जाताना दार लावून घ्या.