वन्संनी उंट घेतला तर

अहो दादा, फुंकर मारून काय होणार, मीही मारून पाहिली — पंखाच फिरत नाहीये त्याचा. आणि असं बघू नका माझ्याकडे, सिनेमे नाही बघत मी लॅपटॉपवर. बुद्धिबळ खेळते. दोन इंजिनं टाकलीयत त्यात — इंजिनं म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम हो — आणि दोघांनाही आठवडाभर एकाच डावाला जुंपलंय. तापणार नाही तर काय होईल? मी असते तर केव्हाच घर सोडून गेले असते.

डाव काय? सहाव्या खेळीला मी माझा उंट देऊन टाकते. फुकट. त्यांच्या राजाच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा — घ्या, तुमचाच आहे. यावर एक इंजिन म्हणतं, हरलीस. दुसरं म्हणतं, फारच हरलीस. एवढी हुशार यंत्रं, पण ती धरून चालतात की समोरचा माणूस शहाणा आहे. त्यांना वन्सं कुठे माहितीयेत? वन्सं म्हणजे माझी नणंद — रविवारी क्लबच्या अंतिम फेरीत माझ्यासमोर त्याच आहेत. बशीतलं शेवटचं बिस्किट असो की माझं प्यादं, समोर आलेलं त्यांनी आजवर सोडलेलं नाही.

भांडण? छे हो, भांडायला बोलावं लागतं. दोन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. क्लबात खेळताना माझी बाही वजिराला लागली — बाही, हात नव्हे — तर बाईसाहेब सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘हात लागला, आता तोच हलवायचा.’ नियमच आहे, मान्य. हलवला. गेला वजीर. पण मला हा खेळ शिकवला कोणी? त्यांनीच. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याशी धड बोलणाऱ्या त्या एकट्या — दुपारी पट मांडायच्या, चुकले की म्हणायच्या, ‘घे परत, कोण बघतंय.’ आणि त्या दिवशी चार लोक बघत होते, तर— असो. हल्ली निरोप आमचे हे पोचवतात. ‘तिला सांग’, ‘त्यांना सांगा’ — नवरा कसला, टपालखातं झालंय त्यांचं.

हां, तर त्यांनी उंट घेतला की माझ्या वजिराचा शह. राजा डावीकडे गेला — शह. उजवीकडे गेला — शह. संपतच नाही. तिथे दोन्ही इंजिनं शून्य दाखवतात, म्हणजे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. मग दोघांपैकी एकाला तोंड उघडून विचारावंच लागतं, ‘बरोबरी?’ पटावर बसल्यावर एकमेकांशी बोलायला तेवढीच काय ती परवानगी. पंचांना बोलावता येतं म्हणा, पण ते नेमके चहाला गेलेले असतात.

आणि नाही घेतला तर? तर काय, मी चारी मुंड्या चीत. चषक गेला तर गेला, नाहीतरी त्याच्यावरची धूळ मलाच पुसावी लागते. पण मग सगळा डाव मुकाट्यानं संपणार, आणि पुन्हा ‘तिला सांग’ सुरू.

आधी कोण विचारणार म्हणजे? त्याच. मोठ्या आहेत त्या. आणि माझी बाही लागली होती, दादा, बाही. मी देत बसेन शह, संध्याकाळ होईपर्यंत. एकच शब्द बोलायचाय त्यांना — पण माझ्याशी. माझ्याकडे बघून.

काय म्हणालात? फोन? तुम्ही पंखा बसवायला आलात ना, मग पंखा बसवा. आणि फोन कशाला करू? मघाशी तुम्हाला दार कोणी उघडलं? त्याच वन्संनी. या भिंतीपलीकडची खोली त्यांची. काळजी नको, त्यांना काही ऐकू जात नाही, दुपारभर टीव्ही इतका मोठ्यानं लावलेला असतो की—

थांबा. तो कधी बंद झाला?