आठ घडीच्या खुर्च्या

...नाही, तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगतो, नऊ बाय अकराच्या खोलीत आठ घडीच्या खुर्च्या ठेवून दाखवा! आठ! आणि घरात माणसं किती? दोन. मी आणि आमची ही. मुलगी होती तोवर तीन, ती लग्न होऊन गेली, पण खुर्च्या आपल्या आठच. अहो, मी ड्राफ्ट्समन, पस्तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले, पलंग कुठे, कपाट कुठे, दार कुठल्या बाजूला उघडणार, सगळं इंच न् इंच मोजून... आणि माझ्या स्वतःच्या घराचं दार अर्ध्यात अडकायचं! का? तर दारामागे दोन खुर्च्या. एक कपाटावर. एक बाथरूमच्या भिंतीला टांगलेली, म्हणजे आंघोळ करायची तर आधी तिला बाहेर काढा, मग तुम्ही आत जा. उरलेल्या चार पलंगाखाली. मी म्हणायचो, "अगं, देऊन टाक कुणाला तरी!" तर हिचं आपलं एकच.

"माणसं आली तर बसतील कशावर?"

"कोण येणार आहे?"

"येतील की."

आता खोटं कशाला बोलू, आधी यायची माणसं. हिचा स्वभावच तसा, जिन्यात कुणी भेटलं की, "या ना वर, बसा पाच मिनिटं." अगं बसा काय? पलंगाखालची खुर्ची काढणं म्हणजे काय खेळ आहे? आधी टीपॉय गॅलरीत न्या, मग चटई गुंडाळा, मग मी पालथा पडणार, खांद्यापर्यंत हात आत घालणार, आणि खुर्ची नेमकी पलंगाच्या पायात अडकणार! मग मी आवाज करायचो. धाडधाड! मुद्दाम. हो, मुद्दामच, आज सांगतो तुम्हाला. वर तोंडाने चालूच, "नाही नाही, बसा तुम्ही, मला काय, सवय आहे!" ते बिचारे अवघडून म्हणायचे, "राहू द्या हो, निघायचंच होतं." आणि निघायचे. पुढच्या वेळी खालूनच हाक मारायचे. मग हाकही बंद झाली.

ही एका शब्दाने बोलली नाही मला. भांडली असती तर बरं झालं असतं! दर पंधरा दिवसांनी आठही खुर्च्या काढायची, पुसायची, बिजागऱ्यांना तेलाचं बोट लावायची, परत जागच्या जागी. मी पेपरातून डोकं वर काढून म्हणायचो, "कुणी येत नाही, जात नाही, कशाला जीव दमवतेस?" तर तेच, "माणसं आली तर बसतील कशावर?"

आणि मग ही आजारी पडली.

सात महिने पलंगावर. हलायचं नाही, डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा मात्र एकेक जण डोकावायला लागला. यायचे, उभे राहायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायचे. दारामागच्या दोन खुर्च्यांवर तर औषधं, कपडे, बादली, काय काय ठेवलेलं. ही आपली मान वळवून, एवढासा आवाज, "अहो, खुर्ची द्या ना त्यांना." आणि बोट कुठे? खाली. स्वतःच्या पलंगाखाली! मी म्हटलं, "तू पडून राहा गं, राहतील उभे." राहिले उभे. ते निघताना तिने प्रत्येकाला म्हणावं, "बसायला नाही मिळालं तुम्हाला..." अहो, मरायला टेकलेलं माणूस, आणि माफी कसली मागतंय तर खुर्चीची!

गेली ती सकाळी नऊच्या सुमाराला. आणि तुम्हाला सांगतो, अख्खी इमारत लोटली. खोलीत माणसं, गॅलरीत माणसं, जिन्यात खालपर्यंत माणसं. म्हातारेकोतारे भिंतीला टेकून उभे. ज्या दिवसासाठी तिने आयुष्यभर खुर्च्या पुसल्या तो दिवस आला, आणि खुर्च्या कुठे? तिच्याखाली. कशा काढणार? तिला हलवल्याशिवाय निघत नव्हत्या, आणि हलवायला माझं मन होत नव्हतं. कपाटावरची, बाथरूममधली, त्या मात्र मला आठवल्याच नाहीत. सगळे गेल्यावर आठवल्या! इंच न् इंच मोजणारा माणूस मी, मला आठवू नये?

मग मुलीचे फोन सुरू. "बाबा, त्या खुर्च्या काढा आधी, अडखळून पडाल!" रोज. शेवटी म्हटलं, बरं बाई. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना हव्या होत्या. आल्या. म्हणाल्या, "काका, उघडून बघते हं, मोडलेली नको." उघडल्या. आठच्या आठ. तुम्हाला सांगतो, त्या खोलीत आठही खुर्च्या एकदम उघडलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. आणि मावल्या हो! एकमेकींना गुडघे लागतील अशा, पण मावल्या! मी चाळीस वर्षं म्हणत होतो मावायच्या नाहीत, कधी नकाशा काढून बघितलाच नाही. बाई म्हणाल्या, "कुरकुर सुद्धा करत नाहीत, कोण एवढी निगा राखायचं?" मी म्हटलं, "होतं कुणीतरी." आणि रडलो हो. बाईंसमोर, आठ रिकाम्या खुर्च्यांसमोर, चांगला हमसून रडलो. त्यांनी पाणी दिलं, आणि खुर्च्या नेल्या.

आता दार पूर्ण उघडतं. आंघोळीला थेट आत जाता येतं. काय करायचंय त्या जागेचं?

तर परवा समोरच्या घरातली सून आली. दारातून म्हणते, "काका, किती मोकळं झालं हो तुमचं घर!" म्हटलं, झालं खरं. "एक विचारू? आमच्याकडे जास्तीच्या सहा खुर्च्या आहेत, पाय ठेवायला जागा नाही आणि सासूबाई टाकू देत नाहीत. तुमच्या पलंगाखाली राहिल्या तर चालतील?"

मी स्वतः पालथा पडून लावल्या. सहाच्या सहा! मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, वेड लागलंय का? आईच्या देऊन टाकल्या आणि लोकांच्या सांभाळताय?"

म्हटलं, अगं, त्यांच्याकडे येत असतात माणसं. कधीतरी खुर्च्या कमी पडतील, मग कुणीतरी न्यायला येईलच ना इथे. तेव्हा म्हणीन, बसा दोन मिनिटं. खुर्ची त्यांचीच आहे, नाही कशाला म्हणतील?