ट्रकमध्ये अंथरायचा गालिचा

तुर्कस्तानातल्या कारापनार गावाला जाणारी मिनीबस सुटेपर्यंत पुढच्या बाकावरील सासू-सुनेचे संभाषण मला स्पष्ट ऐकू येत होते. दोघींच्या मांडीवर नुकत्याच रंगवलेल्या लोकरीच्या लडी होत्या.

“दोंदू, सेदातच्या गालिच्यात लांडग्याचं तोंड घाल. माझी सासू म्हणायची, ते विणलं की लांडगा कळपाकडे फिरकत नाही.”

“अहो आई, तुमचा नातू ट्रक चालवतो. कुठला कळप?”

“मग फुलं घालतेस? नवरी आहे का तो?”

“परवा अंकाराच्या रस्त्यावर त्याला डुलकी लागली. ट्रक शेतात गेला. तुम्हाला सांगायचं नव्हतं.”

“मला कळलं होतं. तू एवढी गप्प कधी असतेस?”

“झोपेवर काही नक्षी आहे का, तेवढं सांगा.”

“झोपेवर? आमच्या वेळी कुणाला झोप मिळायची गं?”

“आई!”

“डोळा घाल.”

“तो तर दृष्ट लागू नये म्हणून असतो.”

“सासूला लांडग्याची भीती होती, तिनं लांडगा विणला. तुला झोपेची आहे. टक्क उघडा डोळा विण.”

“गावातल्या बायका हसतील.”

“हसू देत. मागावर मी बसते तुझ्या शेजारी.”

“किती डोळे घालू?”

“मावतील तेवढे.”