आक्काताईच्या शेळीचं बी

हसायचं न्हाय, आधीच सांगते. बाभळीचं बी लई टणक, तसंच पेरलं तर उगवायला रडवतंय. पण शेळीनं शेंगा खाल्ल्या की लेंडीतनं पडलेलं बी पटापट उगवतं. आमच्या हातकणंगल्याच्या नर्सरीत माझं दोनदा पेरलेलं वाया गेलतं. मालक म्हणाला, "मावशी, आता उगवलं न्हाय तर कामाला येऊ नका."

म्हणून शेजारच्या आक्काताईच्या शेळीला मी बुट्टीभर शेंगा चारल्या. सकाळी जाऊन बघते तर आक्काताई सगळ्या लेंड्या बुट्टीत भरून शेतात खत टाकायला निघालेली!

"ठेव खाली! माझं बी हाय त्यात."

"शेळी माझी, लेंड्या माझ्या," आक्काताई म्हणाली.

"मग काल चारलेल्या माझ्या शेंगा परत दे!"

तिनं बुट्टी माझ्या पायाजवळ आदळली. "घे की बाई. ह्याच त्या!"

घेतल्या. लेंड्या फोडून बी काढलं, धुतलं, पेरलं. पंधरा दिवसांत वाफा हिरवागार.

मालक खूश. "मावशी, औषध कुठल्या दुकानातलं?"

म्हटलं, "त्या दुकानाला चार पाय हायत. सकाळी लवकर जावा, आणि बुट्टी घेऊन जावा."