मोकळ्या पट्टीवरचा रोध

आदरणीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते ट्रान्झिस्टर विभागाचे प्रमुख साहेब, त्यांच्या शेजारी बसून एवढी सगळी भाषणं हसतमुखाने सोसणाऱ्या वहिनी, व्यासपीठावरची इतर थोर मंडळी, समोर बसलेले कारखान्यातले माझे भाऊ-बहिणी, आणि मागे चहाच्या टेबलाशी उभे राहून ‘म्हातारा कधी आटपतो’ म्हणणारे सगळे जण, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालक बाईंनी ‘ज्येष्ठ ग्राहक’ अशी माझी ओळख करून दिली. खरं आहे. तुम्ही बनवलेले ट्रान्झिस्टर घेऊन मी ध्वनिवर्धक बनवतो. शाळेशी माझं फारसं जमलं नाही. जे शिकलो ते बिघडलेले रेडिओ उघडून आणि बोटं भाजून. तेव्हा भाषेत कुठे खडा लागला तर गिळून टाका.

साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं आहे. कालपासून शोधतोय. साहेब वक्तशीर आहेत. त्यांच्या कोटाला कधी सुरकुती दिसली नाही. बैठकीत ते सगळ्यांत शेवटी बोलतात, म्हणजे आधी बोललेल्यांचं सगळं त्यांना वापरता येतं. वहिनींचं नशीब थोर, की घरी बैठका होत नसाव्यात.

आता मुद्द्याचं. मघाशी मानपत्र वाचलं गेलं. त्यात म्हटलंय, की साहेबांनी जाता जाता या कारखान्याला कमी बेस-रोधाचा ट्रान्झिस्टर दिला. टाळ्याही झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांना बेस-रोध म्हणजे काय ते ठाऊक आहे? हात वर करू नका, उगाच शोभा होईल. व्यासपीठावरच्यांना तर मी विचारतच नाही.

मी माझ्या भाषेत सांगतो. ट्रान्झिस्टरमध्ये बेस म्हणून एक अगदी पातळ थर असतो. त्याच्यावर मधोमध एमिटर बसलेला असतो, खोलीत खाट टाकावी तसा. बेसची वीज येते बाजूने. आधी ती मोकळ्या जमिनीवरून चालते आणि मग खाटेखाली शिरून सरपटत पुढे जाते. या सगळ्या वाटेत तिला जी अडवणूक होते तो बेस-रोध. मोकळ्यावर चालायला काय लागतं? खरी दमछाक खाटेखाली. आणि तिथे वीज दमली, की माझ्या ध्वनिवर्धकात खरखर उमटते. मायक्रोफोनसमोर माणूस गप्प उभा असला तरी मागे स्टोव्ह पेटल्यासारखा आवाज येत राहतो.

यावर या कारखान्यातल्या एका बाईंनी उपाय काढला होता. त्यांनी खाटच अरुंद केली, म्हणजे सरपटायचं अंतर कमी. आणि बाजूची जोडणी खाटेच्या पायांपर्यंत आणून भिडवली, मध्ये फक्त कागदासारखी पातळ भिंत ठेवून. विजेची वाट सोपी करणारं बोरॉन जास्त भरायचं ते भिंतीबाहेर, खाटेखाली हात लावायचा नाही. काम किचकट. भिंत जराशी ढासळली की शेकडो ट्रान्झिस्टरांची सगळी चकती भंगारात. पण जमलं. तो माल मी वापरलाय. त्यात मी स्वतःचा श्वास ऐकलाय.

या बाई म्हणजे माझी सूनबाई. झालं, कुजबुज सुरू झाली. म्हातारा सुनेची वकिली करतोय. करतोय. काय म्हणणं आहे? आज सकाळी तिने मला पोळी वाढता वाढता बजावलं, “बाबा, तिथे माझं नाव काढायचं नाही हं.” मी म्हटलं, “नाही काढणार.” तर मी कुठे नाव काढलं? सूनबाई म्हणतोय. आमच्या चिरंजीवांनी तेवढ्यात भाजीत मीठ विसरल्याची कबुली दिली, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

साहेबांना भिंत नको होती. वेळ खाते म्हणे. निरोपाची तारीख जवळ आली होती आणि मानपत्रात काहीतरी लिहायला हवं होतं. मग त्यांनी काय केलं? भिंत काढली, खाट पुन्हा रुंद केली, आणि बाहेरच्या मोकळ्या जमिनीत बोरॉन ओतलं, पाहुण्यांच्या पानात तूप ओतावं तसं. आता प्रत्येक चकतीच्या कोपऱ्यात तुमच्याकडे एक चाचणीची पट्टी असते. तिच्यावर बेसचा थर असतो, पण वर एमिटर नसतो. म्हणजे खोली आहे, खाट नाही. सकाळी सकाळी भट्टी ठीक चालली का, एवढं बघायला ती पट्टी ठेवलेली. साहेबांनी रोध मोजला तो त्या पट्टीवर. ती सगळीच मोकळी जमीन, बोरॉनने भरलेली, म्हणून आकडा अर्थातच झकास आला. तोच आकडा मघाशी तुम्हाला वाचून दाखवला.

म्हणजे कसं, की ओसरीवर पळून दाखवायचं आणि सांगायचं, मी खाटेखालून इतक्या वेगाने गेलो.

काय म्हणालात साहेब? हा विषय इथला नाही? बरोबर. हा विषय चाचणीच्या खोलीतला होता. तिथे सूनबाईंनी काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, “बाई, घरी सासऱ्यांना शिकवा.” तिने शिकवलं. म्हणून विषय इथे आलाय.

नवा माल माझ्याकडे आला तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरात सूनबाई कामाचं अवाक्षर काढत नाही. मी आपला ध्वनिवर्धक जोडला, कानाला हेडफोन लावला, आणि स्टोव्ह पेटला. जुना ट्रान्झिस्टर लावला, शांत. नवा लावला, पुन्हा स्टोव्ह. पेटी परत पाठवली. तर साहेब स्वतः माझ्या दुकानात आले. उभ्यानेच बोलले, खुर्चीवर डाख द्यायची राळ सांडलेली होती ना, कोटाला लागली असती. म्हणाले, “काका, तुमचे कान म्हातारे झालेत.”

मी म्हटलं, “साहेब, कान म्हातारे झाले की ऐकू कमी येतं. मला जास्त येतंय.”

यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. घड्याळही कोटासारखंच, त्यांना चांगलं शोभतं.

त्या रात्री जेवताना मी सूनबाईला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की या मोजमापावर सही करायला तिने नकार दिला होता. “एमिटरसकट मोजा, मग करते,” एवढंच तिचं म्हणणं. साहेबांनी मोजलं नाही. उलट तिला सांगितलं, सही नाही तर राजीनामा. तिने राजीनामा दिला. अध्यक्ष महोदय, तो आपल्या टेबलावर आहे आणि उद्या आपण तो मंजूर करणार आहात. त्याच दिवशी भिंत ठेवून माल काढायची तिची भट्टीची कृतीही कायमची बंद होणार आहे. मानपत्र वाचणाऱ्यांच्या नजरेतून हे बहुधा निसटलं असावं. कोटाच्या इस्त्रीपर्यंत सगळं लक्षात राहिलं होतं.

साहेब, एक गोष्ट मनापासून सांगतो. आपण दोघं तरुण असताना तुम्ही माझ्या दुकानात येऊन जमिनीवर मांडी घालून बसायचात. ट्रान्झिस्टर का तापतो यावर आपण चहा गार होईपर्यंत भांडायचो. तो माणूस पट्टीवर मोजून मोकळा झाला नसता. मूर्खाने हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तुम्हाला कळत होतं, म्हणून तिडीक येते.

म्हणून माझी एक विनंती आहे. चाचणीची खोली याच जिन्याने वर आहे. संध्याकाळपर्यंत ती साहेबांच्याच ताब्यात आहे. सूनबाई शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसली आहे आणि घरी गेल्यावर मला बोलणार आहे. चहाआधी साहेब आणि सूनबाई, या दोघांनी वर जावं, अध्यक्षांनी सोबत असावं, आणि नवा ट्रान्झिस्टर एमिटरसकट मोजावा. शेजारी तिचा जुना ठेवावा. मी चुकलो असेन तर इथेच, सगळ्यांसमोर, साहेबांची पायधरणी करीन आणि पुन्हा या कारखान्याची पायरी चढणार नाही. चुकलो नसेन, तर अध्यक्ष महोदय, राजीनामा कुणाचा घ्यायचा ते आपण जाणता. साहेबांचा घ्यायची सोय नाही, ते तसेही निघालेच आहेत. पण तिचा घेऊ नका.

आपण खुर्ची मागे सरकवलीत. ती वर जाण्यासाठीच, असं मी धरून चालतो. वाट द्या हो जरा, अध्यक्ष उतरतायत. ऊठ गं बाळ. साहेब, आपणही चला, वहिनींना आम्ही चहा देतो.

मला बोलावलंत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. निरोपाच्या प्रसंगी असं बोलू नये हे मला कळतं. म्हाताऱ्याच्या जिभेचं जे काही कमी-जास्त झालं ते पोटात घाला, वहिनी, तुम्ही तर नक्कीच. बोलण्यातली चूक माणसाने माणसाला माफ करावी. मोजण्यातली मात्र वर जाऊन दुरुस्त करावी.